पाच वाजताची हजेरी

"तू उद्या आली नाहीस, तर इथे कोणाला कळेल?"

विद्यापीठात प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागून मला तिसरा दिवस होता. लॅबमध्ये खायला मनाई, आणि आमच्यासारख्या कंत्राटी लोकांना स्टाफरूममध्ये बसायला मनाई, म्हणून मी जिन्यात उभी राहून डबा खात होते. पाठीमागे कोणी येऊन थांबलंय हे मला हा प्रश्न ऐकू येईपर्यंत कळलंच नव्हतं. वळून पाहिलं तर पन्नाशीच्या एक ठेंगण्या बाई. केसांत अबोलीची वेणी, पायात रबरी चपला, काखेत लांबट वही.

"आईला कळेल," मी म्हटलं. आम्ही सानपाड्याला राहायचो, आई-बाबा आणि मी.

"आईला रात्री कळेल. मी दुपारचं विचारते."

"मग सरांना."

"सर गुरुवारचे येतात." त्यांनी वही उघडली, माझं नाव विचारलं आणि पेन्सिलने लिहून घेतलं. "सही करशील तेव्हा पेनाने गिरवीन. आणि संध्याकाळी जाताना सांगून जा."

कोणाला सांगून जायचं, ते न सांगताच त्या जिना उतरून गेल्या. चपलांचा आवाज झाला नाही.

सगळे त्यांना ताई म्हणायचे. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. घरच्यांचा मासळीचा धंदा, आणि ताईंची डॉक्टरेट त्याच खाडीच्या गाळावर. तळातला गाळ लांब नळ्यांत भरून आणायचा आणि त्याच्या थरांवरून कधी पाण्यात काय मिसळलं ते शोधायचं, हे त्यांचं काम. जवळजवळ वीस वर्षं त्या हे काम सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर करत होत्या. दोन ऑर्डरींच्या मध्ये एक दिवसाचा खंड असतो, म्हणजे माणूस कायम आहे असं कागदोपत्री दिसत नाही. ताई त्याला 'माझा नसण्याचा दिवस' म्हणायच्या. त्या दिवशीही त्या यायच्या, पण खुर्चीवर बसायच्या नाहीत. दिवसभर उभ्याने काम करायच्या आणि कोणी हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत. नवीन आलेल्यांना वाटायचं, बाई रागावल्यात. जुने लोक त्यांच्या बाजूने गुपचूप निघून जायचे.

आम्हा लोकांची असोसिएशन त्यांनी काढली होती. काढली म्हणजे काय, तर ती वही. विद्यापीठाच्या लेखी आम्ही कर्मचारी नव्हतो, विद्यार्थीही नव्हतो. ओळखपत्र नाही, गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव नाही. ताईंच्या फॉर्ममध्ये चारच रकाने होते: नाव, रक्तगट, ऑर्डर कधी संपते, आणि चौथा तोच प्रश्न. कोणी तिथे 'मेसवाले काका' लिहायचं, कोणी 'रूम पार्टनर (तो पण गावी असतो)'. एकाने लिहिलं होतं, 'कोणालाच नाही.' त्याच्यासमोर ताईंनी स्वतःचा नंबर घातला होता आणि रोज सकाळी त्या त्याला मिस्ड कॉल द्यायच्या.

ऑर्डर संपायच्या महिनाभर आधी त्या त्या माणसाला गाठायच्या. "अर्ज केलास? अनुभवाचं पत्र मागितलंस? लेखावर नाव आहे का तुझं?" एकदा एका मुलाचं नाव त्याच्या गाइडने शोधनिबंधातून गाळलं. ताई त्या गाइडच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. साहेब फोन घेतायत, चहा घेतायत, ह्या समोर बसून. दीड-दोन तासांनी साहेब ओरडले, "काय हवंय तुम्हाला?" तेव्हा ताई म्हणाल्या, "वर तीन नावं आहेत. खोलीत माणसं चार होती." एवढं बोलून उठल्या. दुसऱ्या दिवशी नाव आलं. नंतर ते साहेब कोणाला तरी म्हणाले होते, ती बाई माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या शेजारी बघत होती.

संध्याकाळी पाच वाजता पहिल्या मजल्यावर पाण्याच्या कूलरपाशी हजेरी व्हायची. आठ-दहा जण जमायचे. ताई वहीतून नाव वाचायच्या, माणूस 'हजर' म्हणायचा, ताई खूण करायच्या. सोडून गेलेल्यांचीही नावं असायची. कोणी कोरियात, कोणी जर्मनीत, एकजण तळोज्याला केमिकल कंपनीत. त्यांचे 'हजर' ग्रुपवर यायचे. मी लांबून बघायचे आणि मला हसू यायचं. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की एका नावानंतर ताई थांबतात. नाव वाचतात, मान किंचित कलती करतात, पाच-सहा सेकंद तशाच राहतात. कोणी हजर म्हणत नाही. मग ताई खूण करतात आणि पुढचं नाव घेतात. तेवढा वेळ त्या आठ-दहा जणांपैकी कोणी हलत नसे.

ते नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्या घरचे लोक आहेत.

शेजारच्या टेबलवर काम करणाऱ्या एका सिनियर मुलाने मला सगळं सांगितलं. ज्याच्या नावाला ताई थांबायच्या तो लातूरकडचा होता, तुर्भ्याला तिघांत खोली घेऊन राहायचा. ताईंच्याच प्रोजेक्टवर. महिनाअखेर त्याची ऑर्डर संपली, नवीन निघाली नव्हती. प्रोजेक्टचे साहेब म्हणाले, येत राहा, होईल. तो येत राहिला. जोडून सुट्ट्या आल्या, रूममधले दोघे गावी गेले, आणि तो तळघरात मशीनवर सॅम्पल लावायला एकटाच आला. तिथे त्याचं हृदय बंद पडलं. सापडला तिसऱ्या दिवशी. डॉक्टर म्हणाले, लगेच कोणी आलं असतं तर कदाचित वाचला असता.

"त्याचे वडील आले होते," तो मुलगा सांगत होता. "ऑफिसने सांगितलं, ऑर्डर संपलेली आहे, तो आमच्या कामावर नव्हताच. म्हातारा विचारत होता, मग तो इथं कशाला आला होता? शेवटी ते ताईंना म्हणाले, बाई, तो इथं होता असं कुठं लिहिलंय का? तेव्हापासून ही वही. पहिलं नाव त्याचंच."

मी धीर करून ताईंना विचारलं होतं, "पण तो सभासद कसा राहील आता?"

"राजीनामा दिलाय का त्याने?" ताई म्हणाल्या. चेष्टेचा सूर नव्हता. "राजीनामा दिल्याशिवाय नाव काढत नाही मी."

मी फॉर्मवर सही केली नाही. आमच्या सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, असोसिएशनवाल्यांना एक्स्टेन्शन मिळत नाही. बाबा नुकतेच रिटायर झाले होते आणि मला हे काम हवं होतं. ताईंनी कधी जोर केला नाही. समोर आल्या की फक्त म्हणायच्या, "पेन्सिलनेच आहेस अजून."

तळघरात कोल्डरूम होती. गाळाच्या नळ्या तिथे ठेवायचो. चार डिग्री तापमान, जाड दार, आणि आतलं हँडल सैल झालेलं. मी त्याबद्दल तक्रारीचं पत्र लिहून सरांकडे दिलं होतं, पुढे पाठवा म्हणून. ते त्यांच्या ड्रॉवरमध्येच राहिलं. त्याची एक झेरॉक्स मात्र ताईंनी माझ्याकडून मागून घेतली होती.

मे महिन्यातला शनिवार होता. अर्धा दिवस, त्यामुळे बिल्डिंग एकपर्यंत रिकामी झाली. बाहेर इतकं ऊन की डोळे दुखत होते. मी सॅम्पल ठेवायला खाली गेले, दार मागे लागलं, आणि परत निघताना हँडल माझ्या हातात आलं.

पहिली दहा मिनिटं मी ओरडले, दार बडवलं. फोनला रेंज नव्हती. मग टायमरवरचा दिवा गेला. अंगात सुती कुर्ता. थोड्या वेळाने थंडी लागायची कमी झाली आणि मला झोप यायला लागली, छान वाटायला लागलं. मी भिंतीला पाठ लावून खाली सरकत होते, तेवढ्यात शेजारी कोणीतरी खोकलं. रांगेत आपल्या मागचा माणूस खोकतो ना, आपण पुढे सरकावं म्हणून, तसं. आणि मग पुरुषी आवाजात, अगदी हळू, "बसू नका, मॅडम."

मी उभी राहिले. कोण आहे म्हणून विचारायचं मला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तरी मी विचारलं नाही. मी उभी राहिले, नळ्यांच्या दोन रॅकमध्ये हात घालून, आणि परत बसावंसं वाटलं की परत तो खोकायचा. किती वेळ गेला ते मला खरंच माहीत नाही.

दार उघडलं तेव्हा उजेडात ताई होत्या आणि गेटवरचा वॉचमन. ताईंनी पदर सोडवून माझ्याभोवती गुंडाळला आणि माझे हात स्वतःच्या हातात घेऊन चोळत राहिल्या. "हाय का, हाय का," असं काहीतरी पुटपुटत होत्या. त्यांची घरची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. घड्याळात सव्वादोन वाजले होते.

"आत अजून कोणीतरी आहे," मी म्हणाले.

वॉचमनने बॅटरी मारून आत बघितलं. कोणी नव्हतं. ताईंनी बघितलं नाही.

वॉचमन उत्तरेकडचा, साधा माणूस. आठवडाभराने गेटवर त्याने मला थांबवलं. "मॅडमजी, एक बात बोलूं? उस दिन आपकी ताई ऊपर कूलर के पास अकेली खड़ी थीं. पूरा फ्लोर खाली. वो कापी से नाम पढ़ रही थीं. मैं बोला, पाँच बजे का काम अभी काहे? बोलीं, आज जल्दी मन हुआ. फिर एक नाम पढ़ा, और चुप. ऐसे, जैसे कोई बोल रहा हो. फिर पूछा, 'कुठे?' और सीढ़ी पे भागीं."

"कोणतं नाव वाचलं होतं?"

त्याने नाही म्हणून मान हलवली आणि गेट उघडायला गेला.

चौकशी समिती बसली. तीन प्राध्यापक, कोपऱ्यात आमचे सर, आणि असोसिएशनच्या वतीने ताई, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. आदल्या दिवशी सरांनी मला बोलावून सांगितलं होतं की तुझ्या एक्स्टेन्शनची फाइल याच आठवड्यात माझ्याकडे येतेय. बाकी काही सांगितलं नव्हतं.

अध्यक्षांनी विचारलं, "हँडल नादुरुस्त आहे याची तुम्ही आधी कधी लेखी तक्रार केली होती?"

मी म्हणाले, "नाही."

खोलीत एसी होता आणि मला परत ती थंडी जाणवली. ताई माझ्याकडे बघत होत्या. झेरॉक्स त्या पिशवीत होती, मला माहीत होतं. त्यांचा हात पिशवीच्या बंदांवर होता. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, "तुम्ही म्हणत होतात, तक्रार झालेली होती. काही पुरावा?"

ताईंनी हात बंदांवरून काढून मांडीवर ठेवला. "नाही," त्या म्हणाल्या.

अहवालात आलं, संबंधित सहायिकेचा निष्काळजीपणा. मला समज देण्यात आली आणि सहा महिन्यांचं एक्स्टेन्शनही मिळालं. ताईंची ऑर्डर संपली ती पुन्हा निघाली नाही. कारण दिलं होतं, सुरक्षिततेबाबत गैरसमज पसरवणे. त्यांनी त्यांच्या गाळाच्या नळ्यांवर नीट चिठ्ठ्या लावल्या, किल्ल्या दिल्या आणि गेल्या. त्या दिवशी पाचला कूलरपाशी कोणीच जमलं नाही. मी तिथून जाताना घाई केली. कोणीतरी हजेरीला थांबलंय असं वाटत होतं.

चार महिने मी नीट झोपले नाही. घरी कूलरची घरघर सुरू झाली तरी मी उठून बसायचे. आई म्हणाली, "एकदा जाऊन ये त्या बाईंकडे." मी एका रविवारी दुपारी गेले.

कोळीवाडा टॉवरांच्या मागे आहे. चारचाकी जाईल एवढीच गल्ली, पुढे एकदम खाडी. ताई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "जेवलीस?" आणि आत जाऊन पान वाढलं. बोंबलाचं कालवण, भाकरी. मी जेवले. माफी मागायची होती, पण तोंडात घास असताना ती मागता येईना.

पाच वाजता त्यांनी वही आणि फोन घेऊन ओट्यावर बैठक मारली. नावं वाचायला लागल्या. फोनवर टिंगटिंग करत 'हजर' येत होते. माझ्या मनात होतं त्याहून पुष्कळच जास्त. मला वाटलं होतं, ताई गेल्या, असोसिएशन संपली. मग ते नाव आलं. त्या थांबल्या. समोरच्या गल्लीत मुलं खेळत होती, ती खेळतच होती, पण मला मात्र त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला. ताईंनी खूण केली आणि पुढे गेल्या.

पाणी आणायला त्या उठल्या तेव्हा मी वही ओढून घेतली आणि त्या मे महिन्याचं पान काढलं. त्याच्या नावापुढे रोज खूण होती, एकही दिवस न चुकता. फक्त त्या शनिवारी खूण नव्हती. त्या चौकोनात बारीक अक्षरात एकच शब्द लिहिलेला होता: 'खाली.'

पान उलटताना वहीतून एक कागद पडला. माझ्या हस्ताक्षरातल्या तक्रारीची झेरॉक्स.

ताई तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.

"हे तुमच्याकडे होतं," मी म्हणाले. "त्या दिवशी काढलं असतंत तर तुमची ऑर्डर गेली नसती."

"तुझी गेली असती. तुझी फाइल अडकली होती ना त्या आठवड्यात." त्या शेजारी बसल्या. "फाइल अडकल्यावर माणसाचं काय होतं, ते मी बघितलंय. एकाचं बघितलं, पुरे झालं."

"मी खोटं बोलले, ताई."

"मना म्हाईत हाय." त्यांनी तांब्या माझ्यापुढे सरकवला. "पन तू जिती हायेस. जिता मानूस उद्या खरा बोलंल."

सोमवारी मी ती झेरॉक्स आणि स्वतःचं निवेदन घेऊन रजिस्ट्रार ऑफिसच्या आवक खिडकीत उभी राहिले. निवेदनात लिहिलं होतं की मी समितीसमोर खोटं बोलले, तक्रार मी केली होती आणि ती सरांकडे होती. खिडकीतल्या बाईंनी वाचून वर बघितलं. "नक्की द्यायचंय?" मी हो म्हटलं. शिक्का मारताना त्या हळूच म्हणाल्या, "माझा भाचा आहे तुमच्यासारखाच, दुसऱ्या डिपार्टमेंटला. त्याला त्या वहीसाठी कुठे सही करायची असते?"

मला पुढची ऑर्डर मिळाली नाही. ते मी धरूनच चालले होते. मी आता तळोज्याला एका तपासणी लॅबमध्ये आहे, कायम. पण ते निवेदन हातोहात फिरलं. त्या महिन्यात वहीत जितकी नावं चढली तितकी आधीच्या सगळ्या वर्षांत चढली नव्हती, सगळी पेनाने. कोल्डरूमला आतून ढकलून उघडणारं दार बसलं. गेटवर आमच्या लोकांचं वेगळं रजिस्टर आलं. आणि अखेर असोसिएशनची रीतसर नोंदणी करायचं ठरलं. त्यासाठी पहिली सर्वसाधारण सभा भरली, विद्यापीठाच्याच हॉलमध्ये. ताईंना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं, मीही रजा टाकून गेले.

सेक्रेटरी नवीन होता, चोवीस-पंचवीसचा, चुणचुणीत. पाचवा ठराव वाचताना तो अडखळला. नोंदणीसाठी सभासदांची यादी बिनचूक लागते. हयात नसलेल्या सभासदाचं नाव कमी करणं भाग आहे. त्याने नाव वाचलं. आणि जे इतकी वर्षं पाहिलं होतं तेच सगळ्यांच्या अंगात भिनलेलं असावं, कारण नावानंतर अख्खा हॉल थांबला. पंखे फिरत होते. पाच सेकंद, सहा सेकंद. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या.

ताई उठल्या. अबोलीची वेणी, तीच कापडी पिशवी.

"मी विचारलंय त्याला," त्या म्हणाल्या. "चालेल म्हणाला."

कोणी हसलं नाही. त्यांनी हात वर केला, आणि मग एकेक करत सगळ्यांनी केला. सेक्रेटरीने मान खाली घालून नोंदणीचा फॉर्म भरायला घेतला. पेन थांबलं. फॉर्मात एक रकाना असतो, तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

"ताई," त्याने विचारलं, "नाव कमी करण्याचं कारण काय लिहू?"

ताईंनी जरा मान कलती केली. मग म्हणाल्या, "लिही, घरी गेला."

त्याने तसंच लिहिलं.